दोन हजार तास आणि एक पत्र

सप्टेंबर 2021 मधली गोष्ट. ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ हा ऑनलाइन गेम खेळणाऱ्या एका प्रोग्रामरने दोन वर्षं एका कामाला दिली होती. त्याच्याच हिशेबाने सुमारे दोन हजार तास. या गेमचं रूप मुद्दाम 2007 सालचं ठेवलेलं आहे: सपाट रंग, टोकदार कडा, थोड्या अंतरावर संपणारी जमीन. त्याने त्याच जगावर नव्याने प्रकाश टाकला, झाडांना सावल्या दिल्या, पाणी पाण्यासारखं केलं. गेमच्या नियमांना हात लावला नाही आणि खेळणाऱ्याला शत्रूपेक्षा तसूभरही जास्त बळ दिलं नाही. सगळं फुकट देणार होता. या कामाचं नाव ‘117 एचडी’. प्रकाशनाच्या तोंडावर गेमची मालक असलेल्या केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीने कळवलं की हे थांबवा, आम्ही स्वतःच असं काही करायच्या विचारात आहोत.

खेळाडू खवळले. अनेकांनी गेममध्येच गर्दी करून निषेध केला, अनेकांनी वर्गणी बंद केली. काही दिवसांत कंपनीने निर्णय फिरवला, आणि आज ते काम हजारो लोक रोज वापरतात.

ही गोष्ट लोकशक्तीचा विजय म्हणून सांगितली जाते. मला मात्र ती वाचताना दरवेळी धास्ती वाटते. दोन हजार तासांचं काम एका पत्राने बंद पडलं आणि लोकांच्या संतापाने परत उघडलं. दोन्ही वेळा नियम असा कुठे नव्हताच. संतापायला जमाव नसता तर काय झालं असतं? दोनशे लोक वापरतात अशी एखादी छोटी उपयुक्त वस्तू कुणी रात्री जागून बनवली असती, तर तिच्यासाठी कोण रस्त्यावर उतरलं असतं? माझं म्हणणं एवढंच आहे: ऑनलाइन गेमसाठी ओपन सोर्स, म्हणजे ज्यांचा कोड कुणालाही वाचता येतो अशी, साधनं बनवणाऱ्या हौशी प्रोग्रामरला कंपनीच्या मर्जीवर सोडू नये. त्याला काय करता येईल, काय नाही, आणि मनाई करायची तर ती कशी करायची, हे लेखी असावं. काही बाबतीत ते कायद्यात असावं.

या गेमच्या बाबतीत तर विसंगती फारच बोचते. ‘ओल्ड स्कूल’मध्ये नवी गोष्ट आणायची असेल तर ती खेळाडूंच्या मतदानाला टाकतात. त्या काळी 75 टक्के कौल मिळाल्याशिवाय बदल येत नसे. पुढे ही अट 70 टक्क्यांवर आणली. म्हणजे एखादी नवी तलवार आणायची तर लोकांना विचारायचं, आणि लोकांनी स्वतः बनवलेलं साधन बंद करायचं तर एका पत्रावर भागवायचं.

ही साधनं म्हणजे नेमकं काय, हे न खेळणाऱ्यांसाठी सांगायला हवं, कारण ‘गेमचं टूल’ म्हटलं की आपल्याकडे लगेच ‘हॅक’ हा शब्द येतो. ऑनलाइन गेममध्ये खरा खेळ कंपनीच्या सर्व्हरवर चालतो. रूनस्केपचा सर्व्हर दर 0.6 सेकंदाला एक ठोका घेतो आणि त्या ठोक्याला जगात काय घडलं ते प्रत्येकाच्या संगणकाला कळवतो. आपल्या संगणकावरचा प्रोग्रॅम, म्हणजे क्लायंट, ते वाचून चित्र काढतो. रूनलाइट हा ओपन सोर्स क्लायंट जावामध्ये लिहिलेला आहे. सर्व्हरने जे सांगितलंय तेच तो जास्त नीट दाखवतो: जमिनीवर पडलेल्या वस्तूची किंमत, औषधाचा असर संपायला उरलेला वेळ, खूण करून ठेवलेली फरशी. दृष्टी कमी असलेल्या माणसाला अक्षरं मोठी करून मिळतात, रंग ओळखू न येणाऱ्याला खुणांचे रंग बदलता येतात. मूळ कंपनीला हे सगळं करायला वेळ झाला नाही. खेळणाऱ्यांपैकी ज्याला कोड लिहिता येतो त्याला तो झाला, कारण अडचण त्याची स्वतःची होती.

मी पुण्यात नोकरी करतो आणि असली साधनं लिहिणं हा माझा कित्येक वर्षांचा छंद आहे. दिवसभर ऑफिसात जो कोड लिहितो तो कोण वापरतं हे मला क्वचितच कळतं. रात्री दहानंतर जो लिहितो त्याबद्दल कुठल्यातरी देशातल्या माणसाचा निरोप येतो, की तुमचा हिशेब एका ठिकाणी चुकतोय, ही घ्या दुरुस्ती. मला नेटवर्क प्रोटोकॉल कॉलेजात शिकवले होते, पण समजले ते एका गेमचा डेटा उलगडताना. दुसऱ्याचा कोड कसा वाचावा, आपली चूक चारचौघांत कशी मान्य करावी, अनोळखी माणसाचं काम नाकारताना कसं बोलावं, हेही तिथेच शिकलो.

मराठीत ‘हौशी’ हा शब्द कमीपणाचा नाही. हौशी रंगभूमीने आपल्याला नट दिले, नाटककार दिले, आणि दिवसा बँकेत किंवा शाळेत काम करून रात्री तालीम करणाऱ्यांना कुणी ‘टाइमपास’ म्हटलं नाही. संगणकातल्या हौसेला तोच मान का नसावा, हे मला समजलेलं नाही.

गेम कंपन्यांची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. ती खरी आहे, आणि ती नीट समजून घेतल्याशिवाय आमच्या बाजूने बोलण्यात अर्थ नाही.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ 2004 मध्ये आला. त्याच्या कर्त्यांनी पडद्यावरची बटणं, पट्ट्या, नकाशे हे सगळं लुआ या सोप्या भाषेत उघडं ठेवलं, म्हणजे कुणीही स्वतःचं अ‍ॅडऑन, गेमला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, लिहावं. त्यातलं एक होतं डीकर्सिव्ह. चाळीस जणांच्या टोळीत कुणाला विषबाधा झाली, कुणाला शाप लागला, हे वैद्याची भूमिका घेणाऱ्या खेळाडूला शोधावं लागे. डीकर्सिव्ह तो शोध स्वतः घेई. वैद्याने एकच कळ पुन्हा पुन्हा दाबायची, कुणावर कोणता उपचार करायचा ते अ‍ॅडऑन ठरवणार. डिसेंबर 2006 मध्ये ब्लिझार्ड कंपनीने ही वाट बंद केली. लढाई चालू असताना कुणाला लक्ष्य करायचं आणि कोणता मंत्र टाकायचा हा निर्णय माणसानेच घ्यायचा, अ‍ॅडऑनने फक्त दाखवायचं. डीकर्सिव्ह त्यानंतरही जगलं. आजारी साथीदारांचे चौकोन ते पडद्यावर मांडू लागलं, बोट मात्र खेळाडूचं.

मला हा निर्णय योग्य वाटतो. दाखवणं आणि करणं यांतली ही रेघ इतकी स्वच्छ आहे की तिच्या आधाराने पुढचे बहुतेक वाद सुटू शकतात. सगळे नाहीत. कधी कधी दाखवणंच इतकं होतं की खेळायला काही उरत नाही. कोपऱ्यातला आवाज ‘आता डावीकडे जा’ म्हणत असेल तर माणूस खेळतोय की हुकूम पाळतोय? त्याच ब्लिझार्डने 2025 मध्ये लढाईतली बरीच माहिती अ‍ॅडऑनना वाचता येऊ नये असे बदल जाहीर केले आणि वर्षानुवर्षं लोकांनी पदरमोड करून वाढवलेल्या काही अ‍ॅडऑनचं काम त्यामुळे थांबलं. त्यामागचं कारण मला पटतं. पण निदान तिथे आधी सांगितलं गेलं, कारणं दिली गेली, चाचणीच्या आवृत्तीवर लोकांना तक्रार मांडता आली. मनाई पचते ती अशीच.

आता दुसरं टोक. ग्लायडर नावाचा प्रोग्रॅम याच गेमसाठी 2005 च्या सुमारास विकायला आला. माणूस झोपलेला असताना तो राक्षस मारत बसे. त्याच्या लाखभर प्रती खपल्या. 2010 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किट अपील न्यायालयाने एका मुद्द्यावर, सुरक्षाव्यवस्था चुकवण्याच्या, त्याच्याविरुद्ध निकाल दिला. ग्लायडरबद्दल मला जराही सहानुभूती नाही. पण हे लक्षात घ्या: त्याचा कोड बंद होता, तो पैशाला विकला जात होता, आणि पकडलं जाऊ नये म्हणून कंपनीच्या पहारेकरी प्रोग्रॅमपासून लपायचा. ओपन सोर्स साधन नेमकं याच्या उलट असतं. त्याची प्रत्येक ओळ कंपनीच्या माणसाला वाचता येते. चोर स्वतःच्या घराचा नकाशा चौकीत नेऊन देत नाही.

रूनलाइटचा प्लगइनचा कारभार या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. कुणीही प्लगइन, म्हणजे रूनलाइटला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, लिहावं, पण ते यादीत यायचं तर त्याचा कोड सार्वजनिक हवा. यादीत त्या कोडची एक ठरावीक आवृत्ती नोंदवली जाते, स्वयंसेवक ती वाचतात, आणि लेखकाने नंतर एक अक्षर बदललं तरी पुन्हा तपासणी होते. एखाद्या मोठ्या लढाईत पुढचा वार कोणता येणार हे आधीच सांगणारं प्लगइन नाकारलं जातं. हौशी माणसांनी, पगार न घेता, गेमच्या प्रामाणिकपणाची राखण चालवली आहे. आणि याच प्रकल्पाला 2018 मध्ये जॅगेक्सकडून कायदेशीर नोटिशीची भाषा ऐकावी लागली होती. तेव्हाही आरडाओरड झाली, तडजोड झाली, कोडचा एक भाग बंद ठेवायचं ठरलं. आज कंपनीच्या अधिकृत लाँचरमध्येच रूनलाइट निवडण्याची सोय आहे. ज्याला आधी बाहेर काढायचं होतं तोच घरातला झाला, याचा मला आनंद आहे. पण मधल्या काळात रूनलाइटच्या प्रोग्रामरने काय सोसलं असेल, ते मी कल्पू शकतो.

कारण मी लहान प्रमाणात ते अनुभवलं आहे. एका व्यापारी गेमसाठी मी एक हिशेबनीस लिहिला होता: कच्चा माल कुठे स्वस्त, वस्तू कुठे बनवावी, नफा किती. दोन वर्षांचे शनिवार-रविवार त्यात गेले. एका सकाळी लॉगिनची पद्धत बदलली, जुनी बंद झाली, नवी बाहेरच्यांसाठी नव्हती. पूर्वसूचना नाही, पत्राला उत्तर नाही. मी चिडलो ते काम वाया गेलं म्हणून कमी आणि रोज ते वापरणाऱ्या लोकांना काय उत्तर द्यावं हे मला माहीत नव्हतं म्हणून जास्त. प्रकल्पाच्या पानावर ‘बंद’ असं लिहायला मला आठवडा लागला.

दार उघडं ठेवलं तर काय होतं, याचं उदाहरण आइसलँडमध्ये आहे. रेक्याविकच्या सीसीपी कंपनीचा ‘ईव्ह ऑनलाइन’ मे 2003 पासून चालू आहे. या गेममध्ये बाजार आहे, कारखाने आहेत, हजारो जहाजांच्या लढाया आहेत, आणि कंपनी त्यातली माहिती बाहेरच्या प्रोग्रामरना रीतसर एपीआयमधून, म्हणजे त्यांच्या प्रोग्रॅमसाठी ठेवलेल्या दारातून, देते. बाजारभाव सगळ्यांना खुले. एखाद्या खेळाडूची खाजगी माहिती हवी असेल तर त्या खेळाडूने स्वतः संमती द्यायची, आणि ती केव्हाही काढून घेता येते. 2018 मध्ये जुनी एपीआय बंद करून नवी एकच ठेवली, तेव्हाही आधी मुदत जाहीर केली आणि दोन्ही काही काळ शेजारी शेजारी चालू ठेवल्या. परिणाम असा की पायफा नावाचं ओपन सोर्स साधन जहाजावर कोणती तोफ, कोणतं कवच बसवावं याचा हिशेब गेम न उघडता करून देतं. दुसरं एक साधन फुटलेल्या जहाजांची नोंदवही ठेवतं. ईव्ह खेळणाऱ्याला विचारा, या बाहेरच्या साधनांशिवाय खेळाल का. बहुतेक जण नाही म्हणतील. वीस वर्षांहून जुना गेम अजून जिवंत आहे त्यात या हौशी मंडळींचा वाटा मोठा आहे, असं माझं ठाम मत आहे.

बुद्धिबळाची गोष्ट आणखी निराळी, कारण त्या खेळाला मालकच नाही. 2010 मध्ये तिबो द्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरने छंद म्हणून लिचेस हे ऑनलाइन बुद्धिबळाचं संकेतस्थळ सुरू केलं. जाहिरात नाही, पैसे भरून उघडणारी सुविधा नाही, देणग्यांवर चालतं, आणि संपूर्ण कोड खुला आहे. खेळलेल्या डावांचं संगणकाकडून विश्लेषण करायला लागणारी ताकदसुद्धा बऱ्याच अंशी स्वयंसेवक आपल्या घरच्या संगणकांवरून पुरवतात. दर महिन्याचे सगळे मानांकित डाव कुणालाही उतरवून घेता येतात. सांगलीसारख्या बुद्धिबळाच्या गावातल्या मुलाला आज जे विश्लेषण फुकट मिळतं, ते एकेकाळी ग्रँडमास्टरलाही दुर्मीळ होतं. मालकी आड आली नाही तर ही हौस कुठवर जाते, ते इथे दिसतं.

कायद्याकडे येतो. अमेरिकेत बीनेटडी नावाचा प्रकल्प होता. ब्लिझार्डच्या स्टारक्राफ्ट, डायाब्लो वगैरे गेमच्या खेळाडूंना एकमेकांशी जोडणारा कंपनीचा सर्व्हर वारंवार रखडे, म्हणून काही हौशींनी गेम आणि सर्व्हर यांतलं संभाषण ऐकून तसाच सर्व्हर स्वतः लिहिला आणि ओपन सोर्स म्हणून वाटला. सुरुवात 1998 ची, एका विद्यार्थ्याची. कंपनीची तक्रार होती की या सर्व्हरवर चोरीची प्रतही चालते, कारण तो प्रतीचा क्रमांक तपासू शकत नाही. तपासणीची पद्धत सांगा, आम्हीही तपासू, असं या मंडळींचं म्हणणं होतं. प्रकरण कोर्टात गेलं. 2005 मध्ये आठव्या सर्किट न्यायालयाने निकाल दिला तो कंपनीच्या बाजूने: गेम बसवताना ‘मान्य आहे’ या बटणावर टिचकी मारलीत, त्या करारात रिव्हर्स इंजिनिअरिंगला, म्हणजे प्रोग्रॅम उलगडून तो कसा चालतो हे शोधायला, मनाई होती, विषय संपला.

अमेरिकेच्या कायद्यात दोन प्रोग्रॅम एकमेकांशी बोलावेत म्हणून केलेल्या अभ्यासाला सूट आहे, पण ती त्यांच्या उपयोगी आली नाही. युरोपने मात्र 1991 च्या निर्देशातच लिहून ठेवलं होतं की अशा अभ्यासाचा हक्क काढून घेणारी करारातली अट रद्दबातल समजावी. एकाच कामाला अटलांटिकच्या एका काठावर हक्क म्हणतात, दुसऱ्या काठावर करारभंग.

आणि भारत? आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52(1)(एबी) फार कमी प्रोग्रामरना माहीत आहे. प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे जवळ असलेल्या माणसाने, स्वतंत्रपणे लिहिलेल्या दुसऱ्या प्रोग्रॅमशी तो जुळावा यासाठी लागणारी माहिती मिळवायला जे करणं आवश्यक आहे ते केलं, तर तो भंग ठरत नाही. अट एवढीच की ती माहिती इतर मार्गाने सहज मिळत नसावी. पुढच्याच उपकलमात प्रोग्रॅम कसा चालतो ते पाहण्या-अभ्यासण्याची मोकळीक आहे. चांगली तरतूद आहे, गेली पंचवीसेक वर्षं आहे. उणीव इतकीच की ‘मान्य आहे’ या बटणापुढे ती टिकते की नाही, हे कायदा सांगत नाही. त्यामुळे पुण्या-नागपूरच्या मुलाने नोटीस आली की घाबरून प्रकल्प मिटवायचा, हेच होणार.

आपल्याकडे ऑनलाइन गेमची चर्चा झाली ती जवळजवळ सगळी पैशाच्या जुगाराभोवती. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी घालणारा कायदा केला. उद्ध्वस्त झालेली घरं पाहता ती चर्चा आवश्यकच होती. पण ज्यांनी गेम विकत घेतला आहे, ज्यांनी त्याच्यासाठी काही घडवलं आहे, त्यांचे हक्क हाही सार्वजनिक प्रश्न आहे, आणि त्याला अजून कुणी हात घातलेला नाही.

गेम बंद पडतो तेव्हा हा प्रश्न सगळ्यांत उघडा होतो. युबीसॉफ्टने ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा गेम 2014 मध्ये विकायला काढला आणि 31 मार्च 2024 ला त्याचे सर्व्हर बंद केले. एकट्याने खेळायचा भागही सर्व्हरशिवाय चालत नव्हता, म्हणून विकत घेतलेली वस्तू एका दिवसात निरुपयोगी झाली. यातून युरोपात ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली आणि तिला दहा लाखांहून अधिक सह्या मिळाल्या. कायमचे सर्व्हर चालवा असं त्यांचं म्हणणं नाही. जाताना गेम चालता राहील अशा अवस्थेत सोडा, एवढीच मागणी आहे. मधल्या काळात हौशी प्रोग्रामरनी द क्रूचा सर्व्हर स्वतः घडवायला घेतला आणि गाड्या पुन्हा धावू लागल्या.

‘सिटी ऑफ हीरोज’ हा गेम एनसीसॉफ्टने 30 नोव्हेंबर 2012 ला बंद केला. काही लोकांनी त्याचा सर्व्हर गुपचूप चालू ठेवला होता. मोजक्यांनाच आमंत्रण, बाहेर एक शब्द काढायचा नाही, कारण नोटिशीची भीती. 2019 मध्ये हे फुटलं तेव्हा सहा-सात वर्षं आपल्या हरवलेल्या शहरासाठी हळहळणारे जुने खेळाडू भयंकर दुखावले गेले. ते शहर जिवंत होतं आणि त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मग कोड सगळ्यांसमोर आला, होमकमिंग नावाचा सर्व्हर उभा राहिला, आणि जानेवारी 2024 मध्ये कंपनीने त्याला रीतसर परवाना दिला. गेम बंद झाल्यावर अकरा वर्षांनी. ती गुप्तता, ते दुखावलेपण, आपसातला संशय, हे सगळं मालकाच्या मौनातून आलं. पहिल्याच महिन्यात ‘चालवा, पैसे कमवू नका, आमचं नाव वापरताना असं लिहा’ एवढं एक पान लिहून दिलं असतं तरी पुरलं असतं.

गड कुणाच्या नावावर आहे हे ठाऊक असूनही आपल्याकडे पोरं रविवारी टाक्यातला गाळ उपसायला जातात. त्यांना मालकी नको असते. परवानगी कुठे मागायची, कोणत्या दगडाला हात लावायचा नाही, हे आधी कळलं तर काम नीट होतं, आणि नियम मोडणाऱ्याला अडवतातही तीच पोरं. गेम कंपन्यांकडून माझी मागणी याच जातीची आहे. कोणती माहिती वाचता येईल ते लिहा. दाखवणं आणि करणं यांत तुमची रेघ कुठे आहे ते लिहा. बंद करायचं असेल तर सहा महिने आधी सांगा, आणि कारण द्या. नियमात राहून उघड्या कोडने काम करणाऱ्यावर नोटीस धाडण्याआधी त्याच्याशी बोला.

हौशी मंडळींनीही काही पाळलं पाहिजे आणि आम्ही ते पाळत आलो आहोत: कोड लपवायचा नाही, खेळाडूचा पासवर्ड स्वतःकडे ठेवायचा नाही, माणसाच्या जागी यंत्र खेळवायचं नाही.

सरकारकडून मागणी याहून लहान आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये एक वाक्य वाढवावं: या उपकलमांनी दिलेली मोकळीक काढून घेणारी करारातली कोणतीही अट अमलात येणार नाही.